अक्कांची चुन्याची रेघ

आमच्या गल्लीत सकाळी दारोदार रांगोळ्या पडतात. अक्कांच्या दारात मात्र चुन्याची एक सरळ रेघ असते. फूल नाही, वेल नाही. शेजारच्या वैशालीताईंनी एकदा धीर करून म्हटलं, "अक्का, सणाला तरी एखादं कमळ काढा की!"

अक्का कंबरेवर हात ठेवून म्हणाल्या, "अन् चेंडू पाकळीवर पडला, तर आत म्हणू का बाहेर?"

गिरिजाअक्का माझ्या घरमालकीण. पंच्याहत्तरी ओलांडलेली, कपाळाला भस्म, अंगावर काठाची साडी आणि पायात पांढरे कॅनव्हासचे बूट. एके काळच्या नांदेड जिल्ह्याच्या महिला टेनिस चॅम्पियन. लग्न होऊन लातूरला आल्या. मी अहमदपूरकडच्या खेड्यातली. आमच्या घरात पदवी घेतलेली पहिलीच. लातुरात शाळेत नोकरी लागली, पण एकट्या मुलीला खोली कुणी देईना. अक्कांनी ना जात विचारली, ना गाव. म्हणाल्या, "उजवा हात दाखव."

मला वाटलं, भविष्य बघतात. त्यांनी मनगट दाबून पाहिलं. "विहिरीचं पाणी शेंदलंस का?"

"हाव."

"मग राहा. हात हाय तुला."

पाणी शेंदल्यामुळे डोक्यावर छप्पर मिळालेली बहुधा मीच एकटी असेन.

गल्लीत टँकर आला की घागरी रेघेच्या मागे. कुणाचा पाय पुढे आला की अक्का ओरडतात, "फॉल्ट! जा मागं." एकदा त्यांची सख्खी नणंदच मध्ये घुसली. तिलाही रांगेच्या शेवटी पाठवलं. "आउट म्हंजे आउट. मुरवत न्हाई."

मला बघायला एक स्थळ अक्कांच्याच घरी आलं होतं. माझे वडील हात जोडून बसलेले. मुलगा पोहे खात म्हणाला, "लग्नानंतर नोकरी सोडावी लागंल." आतून अक्कांचा आवाज आला, "आउट!" मुलाचा चमचा तिथेच थांबला. स्थळही तिथेच थांबलं.

अक्कांचे चषक स्वयंपाकघरातल्या फळीवर आहेत. एकात मोहरी, एकात जिरं, सगळ्यात मोठ्यात सुक्या मिरच्या. परवा फोडणीला जिरं काढताना मी सहज विचारलं, "अक्का, किती जणींना हरवलंत हो?"

"एकीलाबी न्हाई."

मी जिऱ्याचा चषक खाली ठेवला.

"आमचे अप्पा नांदेडात साहेबलोकांच्या क्लबात कारकून. एकदा चौथा गडी आला न्हाई, तवा साहेबानं मला उभं केलं. तिथनं लागला नाद. पण बायांच्या सामन्याला नाव देणारी मी एकलीच. ग्रामपंचायतीवानी बिनविरोध! एका साली उदगीरच्या पोरीनं नाव दिलं. मी पहाटे उठून चुन्यानं सगळ्या रेघा मारल्या. सांजपतोर उभी राहिले. मग कळलं, तिचं लग्न ठरलं. घरच्यांनी येऊ दिलं न्हाई. कप मलाच दिला."

"पण पुरुषांशी खेळलात ना?"

"मी जिंकले की म्हणायचे, पोर हाय म्हणून सोडलं." त्यांनी कढईवर झाकण ठेवलं. "बाईमाणसानं समोरनं मारलेला चेंडू कसा येतो, त्ये न्हाई बघितलं मी."

येणाऱ्या प्रत्येक भाडेकरणीचं मनगट त्या का दाबत होत्या, ते मला तेव्हा उमगलं. त्यांच्या दाराआड खुंटीवर रॅकेटी एक नाही, दोन का, तेही.

रविवारी मीच गल्लीत आडवी दोरी बांधली आणि तिच्यावर जुनं लुगडं टाकलं. बाया ओट्यांवर येऊन बसल्या. मी पाणी शेंदल्यासारखी रॅकेट ओढायची. एक चेंडू वैशालीताईंच्या पत्र्यावर गेला, एक दुधाच्या पातेल्यात. "मास्तरीणबाई, आमच्या चहाचं काय?" म्हणून हशा झाला. शेवटी एकदाचा एक चेंडू लुगड्यावरून पलीकडे गेला आणि चुन्याच्या रेघेच्या चांगला हातभर बाहेर पडला. सगळ्या गल्लीने पाहिलं.

"आउट!" वैशालीताई ओरडल्या.

तोवर अक्का पदर खोचून धावल्या होत्या. चेंडू त्यांच्या रॅकेटवर बसला होता.

"आत हाय!" त्या ओरडल्या.

"अक्का, हातभर बाहेर होता," मी म्हटलं.

"आत हाय म्हणलं ना! बोलून काय राहिलीस? पळ, तुझ्याकडं येऊन राहिला!"

मी पळाले.