फूटपट्टीरावांची लांबची लेन्स

घारीने समोरच्या पाण्याच्या टाकीवर घरटं बांधलं नसतं तर फूटपट्टीरावांनी लेन्स घेतली नसती, आणि लेन्स घेतली नसती तर पुढचं सगळं टळलं असतं. पण घारीला कोण सांगणार?

फूटपट्टीराव हे त्यांचं ऑफिसातलं नाव. नकाशा विभागात ते हेडक्लार्क होते. नकाशावरचं कुठलंही अंतर स्वतः पट्टी लावून दोनदा मोजल्याशिवाय ते सही करत नसत. ‘अंतर तपासले’ असा शेरा आणि त्याखाली सही. सव्वीस वर्षांत एकदाही चूक निघाली नाही, असं ते स्वतःच सांगत. (चूक शोधण्याची जबाबदारीही त्यांच्याकडेच होती, हे मात्र सांगत नसत.)

तर एका सकाळी त्यांनी चौथ्या मजल्यावरच्या आपल्या बाल्कनीतून घारीचा फोटो काढला आणि कौतुकाने बायकोला दाखवला.

“टाकी छान आलीय,” वहिनी म्हणाल्या.

“अगं, टाकीवर घार आहे.”

“कुठे? हा डाग?”

झालं. मोठी लेन्स घ्यायचं त्याच क्षणी ठरलं.

लेन्स घ्यायला एक दिवस पुरतो. निवडायला फूटपट्टीरावांना तीन महिने लागले. दोनशे मिलिमीटरची घ्यावी की तीनशेची, जड घ्यावी की हलकी, हात हलला तर काय, उजेड कमी असला तर काय. सकाळी चहाबरोबर लेन्स, संध्याकाळी जेवणाबरोबर लेन्स. ताटातले चमचे एकापुढे एक मांडून ते वहिनींना समजावत, “हा कॅमेरा. ही लेन्स. आणि या दोघांच्या मधे बसवायचा तो टेलिकन्व्हर्टर.”

“तो काय करतो?”

“स्वतः काही पाहत नाही. लेन्सने जे पाहिलं ते दुप्पट मोठं करून कॅमेऱ्याला देतो. फक्त उजेड खातो. सगळं जरा काळोखं दिसतं.”

“कळलं,” वहिनी चमचा उचलून घेत म्हणाल्या. “आमच्या वन्संसारखा.”

फूटपट्टीरावांना आपल्या बहिणीविषयी हे ऐकून राग यायला हवा होता. पण बायकोला टेलिकन्व्हर्टर एका वाक्यात समजला, या आनंदात तो राहून गेला.

शेवटी तीनशेची लेन्स आली. खोकं उघडून, फडक्याने पुसून, तिपाईवर चढवून त्यांनी टाकीकडे रोखली. घरटं काडीन् काडी दिसलं. घार मात्र नव्हती. तीन महिन्यांत तिची पिल्लं मोठी झाली, उडाली, आणि तीही संसार आवरून निघून गेली होती.

आता एवढी लेन्स घेऊन पाहायचं काय? ते शहर पाहू लागले. गच्च्या पाहिल्या, वाळत घातलेल्या चादरी पाहिल्या, आणि सोमवारी संध्याकाळी साडेपाच वाजता त्यांना त्यांची बायको दिसली.

वहिनी तर ताईकडे, म्हणजे त्यांच्या थोरल्या बहिणीकडे, जाते म्हणून निघाल्या होत्या. गेले काही आठवडे त्या दर सोमवारी, बुधवारी आणि शुक्रवारी ताईकडे जात. आणि इथे तर त्या कुठल्याशा इमारतीच्या बाकावर एकट्या बसल्या होत्या. हिरव्या काठांची साडी, तपकिरी पिशवी, शंकाच नको. मांडीवर जाडजूड काहीतरी होतं. मान खाली. आणि डोक्याच्या अगदी वर, हात उंचावला तर लागेल इतक्या जवळ, एक पाटी: ‘रुग्णालय’. त्याखाली आणखी एक ओळ होती, पण ती काही वाचता येईना.

फूटपट्टीरावांनी ताईला फोन लावला.

“ही पोचली का तुमच्याकडे?”

“हो हो, इथेच आहे,” ताई म्हणाली. “स्वयंपाकघरात आहे. देऊ का?”

“द्या.”

“नको, तिचे हात पिठात आहेत.”

लेन्समध्ये वहिनींचा एक हात पिशवीवर होता आणि दुसऱ्या हाताने त्या पदराने डोळे पुसत होत्या.

दुसऱ्या दिवशी फूटपट्टीराव कॅमेऱ्याच्या दुकानात उभे होते.

“टेलिकन्व्हर्टर द्या.”

“मागच्या वेळी तर नको म्हणालात,” दुकानदार म्हणाला. तो म्हातारा मोठा चोखंदळ होता. वस्तू विकण्याआधी गिऱ्हाइकाला दहा वेळा परावृत्त करायचा. “त्याने कडा जरा मऊ होतात. पक्षी कोणता आहे?”

“पक्षी नाही. पाटी आहे.”

“पाटीच वाचायची तर जवळ जाऊन का नाही वाचत?”

प्रश्न सरळ होता. पण जवळ जाऊन पाटी वाचायची म्हणजे बायकोसमोर उभं राहायचं, आणि ती काय सांगेल ते ऐकायचं. तेवढं बळ फूटपट्टीरावांच्या पायांत नव्हतं. बाल्कनीपर्यंत जाण्याइतकं होतं.

बुधवारी साडेपाचला त्यांनी टेलिकन्व्हर्टर बसवला. सगळं काळोखलं, पण दुप्पट झालं. वहिनी पुन्हा त्याच बाकावर. मांडीवरचं जाडजूड म्हणजे खाकी कव्हरची फाइल असावी. त्या एकेक कागद उलटत होत्या आणि मधूनच डोळे टिपत होत्या. आणि डोक्यावरची दुसरी ओळ आता वाचता येत होती. ‘हृदयरोग विभाग’.

फूटपट्टीराव तिपाईशेजारी खाली फरशीवरच बसले.

त्या संध्याकाळी घर त्यांना फार नीटनेटकं वाटलं. वहिनींचा जुना चष्मा खिडकीत होता. अर्धवट विणलेला स्वेटर खुर्चीच्या पाठीवर होता. ते कुठल्याही वस्तूला हात न लावता बसून राहिले. मग जिन्यात पावलं वाजली, कुलपात किल्ली फिरली, आणि वहिनी आत येत म्हणाल्या, “अहो, दिवा का नाही लावलात?” तेव्हा त्यांना इतकं बरं वाटलं की ते उठून घरातले सगळे दिवे लावत सुटले.

विचारायचं नाही, हे त्यांनी ठरवलं. ती लपवतेय ती आपल्याला त्रास होऊ नये म्हणून. तर तिला निदान तेवढं समाधान मिळू द्यावं. आपण फक्त तिची काळजी घ्यायची.

गुरुवारी त्यांनी भांडी घासली. तव्याचा काळा थर निघेना म्हणून काथ्याने अर्धा तास खरवडून काढला. (तो नॉनस्टिकचा होता.) भाजीत मीठ घातलं नाही. वहिनींच्या हातातून पिशवी काढून घेतली; त्यात कोथिंबिरीची एक जुडी होती. जिना चढताना त्यांनी वहिनींना प्रत्येक मजल्यावर बसायला लावलं.

“अहो, मला काय झालंय?” तिसऱ्या मजल्यावर वहिनींनी विचारलं.

“काही नाही! तुला काय होणार? काहीच नाही!” फूटपट्टीराव इतक्या जोरात म्हणाले की तिसऱ्या मजल्यावरच्या वकिलांनी दार उघडून पाहिलं.

मन मोकळं करायला कुणीतरी हवं म्हणून त्यांनी बहिणीला फोन केला. “कुणाला बोलू नकोस,” असं निक्षून सांगितलं. आणि वन्सं टेलिकन्व्हर्टरच निघाल्या. शुक्रवारपर्यंत हृदयरोगाचं ऑपरेशन झालं, शनिवारपर्यंत एकाची दोन ऑपरेशनं झाली. घरातला फोन वाजू लागला. एका मावससासूबाईंनी तर वहिनींनाच गाठलं.

“धीर सोडू नकोस हो पोरी.”

“कशासाठी, मावशी?”

“तेच तर! तुला काही सांगायचं नाही असं ठरलंय. मी आपली ठेवते.”

वहिनींनी फोन ठेवला. मग त्यांनी घासलेला तवा पाहिला, आणि त्यांच्या काळजात चर्र झालं. तीस वर्षांत ज्या माणसाने चहाचा कप मोरीपर्यंत नेला नाही तो भांडी घासतो, अळणी जेवतो, बसल्या बसल्या डोळे भरून बघत राहतो, तर त्याला डॉक्टरांनी काहीतरी सांगितलेलं असणार. दुसरं कारणच असू शकत नाही.

रविवारी सकाळी वन्सं बॅग घेऊन दाखल झाल्या आणि दारातच वहिनींच्या गळ्यात पडल्या.

“वहिनी, मी आलेय ना आता!”

“वन्सं, खरं सांगा,” वहिनींचाही आवाज फुटला. “डॉक्टर किती दिवस म्हणालेत?”

“ते तुम्हालाच माहीत असणार!”

“मला कोण सांगतंय? हे एक अक्षर बोलत नाहीत!”

“दादा कशाला बोलेल? तुम्ही त्याला बोलला नाहीत म्हणून तो तुम्हाला बोलला नाही!”

“अहो!” वहिनी आत वळून ओरडल्या. ओरडणं ठणठणीत होतं. “बाहेर या! तुम्हाला काय झालंय?”

“मला?” फूटपट्टीराव भांड्यांच्या साबणाचे हात घेऊन बाहेर आले. “मला काय होणार? अगं, तुला झालंय!”

“काय?”

“हृदय!”

आता काही लपवण्यात अर्थ नव्हता. फूटपट्टीरावांनी कॉम्प्युटर लावला आणि बुधवारी टिपलेला फोटो पडद्यावर आणला. बाक, साडी, फाइल, पदर, पाटी. वन्संनी हुंदका दिला.

वहिनींनी फोटो जवळ जाऊन पाहिला. मग शांतपणे म्हणाल्या, “ही लायब्ररीची गच्ची आहे.”

“आणि ही पाटी?”

“ती हॉस्पिटलची.”

“म्हणजे हॉस्पिटलच ना?”

“हॉस्पिटल तिकडे रुळांच्या पलीकडे आहे!”

“पेशंट असंच म्हणतात,” वन्सं दादाच्या कानात म्हणाल्या, पण ते सगळ्यांना ऐकू गेलं.

“चला,” वहिनी चपला घालत म्हणाल्या. “दोघंही चला. आणि हे तुमचं नळकांडं घ्या बरोबर.”

जिना वहिनी भराभर उतरल्या. फूटपट्टीरावांना दोनदा थांबावं लागलं.

लायब्ररीच्या पहिल्या मजल्यावर वाचनाची खोली, आणि तिच्याबाहेर छोटी गच्ची. गच्चीत एक बाक. बाकाच्या वर आकाश होतं, बाकी काही नव्हतं. वहिनींनी बोट दाखवलं. गच्चीच्या कठड्यापलीकडे घरांच्या दोन रांगा, त्यापलीकडे गोदामं, त्यापलीकडे रूळ, आणि रुळांच्याही पलीकडे, काडेपेटीएवढ्या एका इमारतीवर नखाएवढी पाटी होती.

लांबची लेन्स लांबचं जवळ आणते, एवढंच फूटपट्टीराव तीन महिने वाचत होते. ती पुढचं आणि मागचं एकावर एक चिकटवूनही टाकते, हे त्यांनी वाचलं होतं की नाही कोण जाणे. वाचलं असेल तर समजलं नव्हतं. लायब्ररी ते रुग्णालय हा नकाशा त्यांच्याच टेबलावरून गेला होता. पाऊण किलोमीटर. ‘अंतर तपासले’. खाली सही.

“नकाशा विभागातले ना तुम्ही?” वहिनी म्हणाल्या.

फूटपट्टीराव बाकावर बसले. त्यांनी वहिनींचा हात धरला आणि चक्क मनगटावर बोट ठेवून नाडी पाहिली. ती नीट चालली होती, जरा रागावलेली होती एवढंच. गेल्या आठवड्यात छातीवर बसलेली ती जड गोष्ट उठली आणि रुळांपलीकडे निघून गेली. वन्संकडे पाठ करून त्यांनी चष्मा पुसला.

“मग ती फाइल?”

वहिनींनी पिशवीतून खाकी कव्हर घातलेली कादंबरी काढली.

“आणि रडत का होतीस?”

“ती मेली हो शेवटी. इतकी गोड मुलगी, पण त्या लेखकाच्या मनात आलं.”

“म्हणजे कुणाला काहीच झालेलं नाही?” वन्संनी विचारलं. त्यांच्या आवाजात आनंद होता; पण आता सोळा घरी फोन करून काय सांगायचं ही काळजीही होती.

“पण मग ताईकडे जाते असं का सांगितलंस?” फूटपट्टीरावांनी विचारलं. त्यांना राग नव्हता. त्या क्षणी वहिनींनी घर विकलंय असं सांगितलं असतं तरी त्यांना राग आला नसता.

वहिनी त्यांच्या शेजारी बसल्या. “तीन महिने अहो, घरात लेन्सशिवाय शब्द नाही. पुस्तक उघडलं की तुम्ही म्हणणार, इकडे बघ, हात हलला की काय होतं. म्हटलं, तुमची एकदाची निवड होईपर्यंत इथे निवांत बसावं. खास लांबची जागा शोधली. तर तुम्ही इतक्या लांबचं दिसेल अशीच लेन्स निवडलीत.”

फूटपट्टीराव हसले. आठवड्यात पहिल्यांदाच हसले. मग त्यांना वाटलं, या घटकेचा एक फोटो हवा. उन्हात बसलेली, धडधाकट, पुस्तकवाली, आपली बायको. त्यांनी कॅमेरा उचलला. वहिनी ऐटीत बसल्या. लेन्स आतल्या आत घरघरली, पुढे गेली, मागे आली, आणि सगळं दुधासारखं पुसट झालं.

“जरा तिकडे सरक.”

वहिनी सरकल्या.

“आणखी.”

“अहो, बाक संपलं.”

मग ते स्वतः मागे सरकत गेले. कठड्याला पाठ टेकली तरी वहिनी धुक्यातच.

“काय झालं?”

“हिला फार जवळचं दिसत नाही,” फूटपट्टीरावांनी कबूल केलं.

“म्हणजे रुळांपलीकडची पाटी वाचता येते आणि समोरची बायको दिसत नाही?”

“त्याला उपाय आहे ना!” फूटपट्टीरावांचा चेहरा उजळला. “जवळचं टिपायला वेगळीच लेन्स मिळते. त्यातही दोन प्रकार आहेत. बस, सांगतो तुला. समज, हा चष्मा म्हणजे कॅमेरा, आणि तुझं हे पुस्तक...”

वहिनींनी पुस्तक हळूच काढून घेतलं, उठल्या आणि वाचनाच्या खोलीच्या दाराशी गेल्या. आत ग्रंथपालबाई कार्डं लावत बसल्या होत्या.

“बाई, माझं सभासदत्व या महिन्यात संपतंय ना?”

“हो. किती वाढवू? तीन महिने?”

वहिनींनी मागे वळून पाहिलं. फूटपट्टीरावांनी आता वन्संना बाकावर बसवलं होतं, आणि ते हातातला चष्मा त्यांच्या नाकाजवळ नेत होते, लांब नेत होते, पुन्हा जवळ आणत होते.

“नाही,” वहिनी म्हणाल्या. “वर्षाचंच करा. आणि सोबत या आमच्या वन्सं, त्यांचंही नाव घालून टाका.”