ठण्याची समजूतदार पेटी

"अहो, डोळे मिटून काढून दाखवतो!" ठण्या फोनवर म्हणाला, आणि तिथेच सगळा घोळ सुरू झाला.

फोनवर बढाई मारायला हरकत नसते. फक्त पलीकडचं माणूस फार लांब राहतं, एवढी खात्री आधी करून घ्यावी. ठण्याने ती केली नव्हती.

"छान! मग उद्या सकाळीच येते," पलीकडच्या बाई म्हणाल्या आणि त्यांनी फोन ठेवला. ठण्याचा फोन मात्र बराच वेळ कानालाच चिकटून राहिला.

आता हा ठण्या कोण, ते आधी सांगायला हवं. लहानपणी हाताला लागेल त्या भांड्यावर चमचा आपटायचा, म्हणून बाबांनी ठेवलेलं हे नाव. पुढे चमचा सुटला, इलेक्ट्रिक गिटार आली, पण ठणठणाट तोच राहिला. तो ज्या रॉक बँडमध्ये होता, त्या बँडने पहिलं गाणं सुरू केलं की पुढच्या रांगेतले लोक मागे सरकायचे आणि मागच्या रांगेतले थेट दाराबाहेर जायचे! मग गायकाला परगावी नोकरी लागली, ड्रमवाल्याला जुळी झाली आणि बँड संपला.

पण ठण्या हरणारा नव्हता. त्याने जाहीर केलं, "आता गायकच नको! नुसत्या वाद्यांचा अल्बम. माझी गिटार आणि ही पेटी!"

पेटी म्हणजे त्याने आणलेलं इलेक्ट्रॉनिक यंत्र. विमानातला अर्धा भाग वैमानिकाने चुकून घरी आणावा, तसं दिसायचं ते. बटणंच बटणं, वायरीच वायरी आणि सतत डोळे मिचकावणारे दिवे. तिचं काम तसं सोपं. एका बाजूने गिटारचा आवाज आत घ्यायचा, त्याला ताणायचा, घुमवायचा, उलटा टांगायचा आणि दुसऱ्या बाजूने बाहेर सोडायचा. आत मांजर गेलं तरी बाहेर हत्तीच येणार!

या पेटीतून ठण्याला एक आवाज सापडला होता. आणि काय आवाज होता तो! "घुंऽऽऽ" असा खालून हळूच उठायचा, जिना चढल्यासारखा वर जायचा, वरच्या पायरीवर क्षणभर थांबायचा आणि अलगद खाली उतरायचा. गिटारने काही विचारावं आणि त्याने उत्तर द्यावं. ठण्याने वेग वाढवला की तोही वाढवायचा, ठण्या थांबला की तोही थांबायचा.

"ही पेटी मला ओळखते!" ठण्या घरभर सांगत फिरायचा. "मला समजून घेते ती!"

"बरं झालं बाई," आई म्हणायची, "कुणीतरी समजून घेतलं एकदाचं."

अख्खा अल्बम त्याने या एका आवाजावर उभा करायला घेतला होता आणि त्यातला एक तुकडा संगीत कंपनीच्या बाईंना पाठवला होता. तो त्यांना इतका आवडला, की त्यांना शंकाच आली! कारण पूर्वी एका गृहस्थाने दुसऱ्याच्या रेकॉर्डमधला आवाज उचलून स्वतःचा म्हणून त्यांच्या गळ्यात मारला होता. तेव्हापासून बाई चांगलं काही ऐकलं की आधी घाबरायच्या. म्हणून त्यांनी फोन करून विचारलं, "हा आवाज तुमचाच ना? माझ्यासमोर काढून दाखवाल?" आणि ठण्याने ते डोळे मिटण्याचं उत्तर दिलं.

त्यात आणखी एक गोष्ट होती. बाईंनी अल्बम नाकारला, तर ठण्या दाजींच्या नळांच्या दुकानात बसणार, असा शब्द त्याने बाबांना दिला होता. दाजी म्हणजे ताईचे यजमान. माणूस भला, पण बोलायला लागला की नळ उघडा राहिल्यासारखा! त्यांच्या शेजारी बसून दिवसभर वायसर मोजायचे, या विचाराने ठण्याच्या बोटांना घाम फुटायचा.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाई आल्या. ताठ कणा, करडं जाकीट, नाकावर चष्मा. परीक्षेला बाहेरून माणूस आला की शाळा जशी चिडीचूप होते, तसं घर चिडीचूप झालं. बाबा वर्तमानपत्रामागे गेले. आईने आपलं शिवणयंत्र झाकून ठेवलं.

ठण्याची खोली आणि आईची शिवणाची जागा एकाच खोलीचे दोन भाग होते. मधे प्लायवूडची पातळ फळी. फळीच्या अलीकडे ठण्या, पलीकडे आई. प्लगचा बोर्ड फळीजवळच होता, त्यामुळे ठण्या फळीला पाठ टेकून बसायचा आणि आईचं मोटरवालं यंत्र पलीकडून त्याच फळीला टेकलेलं असायचं.

"करा सुरू," बाई स्टुलावर बसत म्हणाल्या.

ठण्याने केस मागे टाकले, डोळे मिटले आणि तार छेडली.

ठँग!

बस. घुं नाही की घां नाही. पाण्याची रिकामी टाकी वाजावी, तसा कोरडा ठँग!

"पेटी अजून तापली नाही," ठण्या म्हणाला.

"तापू दे," बाई म्हणाल्या.

त्याने एक बटण फिरवलं. विहिरीतल्या बेडकाला सर्दी झाल्यासारखा आवाज आला. दुसरं फिरवलं, तर कुणीतरी खळखळून चूळ भरतंय असं वाटलं. तिसऱ्या बटणाला पेटीने अशी काही किंकाळी फोडली, की बाबांचं वर्तमानपत्र खाली आलं आणि समोरच्या घराची खिडकी बंद झाली!

"हाच का तो?" बाईंनी विचारलं.

"नाही, नाही! हा... याचा मोठा भाऊ!" ठण्या काहीतरीच बोलून गेला आणि वायरी तपासायला घाईघाईने खाली वाकला. ओढलेली एक वायर बाईंच्या स्टुलात अडकली. बाई दचकून उठल्या, जाकीट भिंतीवरच्या खिळ्यात गुंतलं आणि टर्रकन बाही खांद्यापासून सुटली!

"अगंबाई!" आई धावत आली. "द्या इकडे ते जाकीट. आत्ता शिवून देते. चला माझ्याबरोबर. कार्ट्या, वायरी आहेत का गारुड्याचे साप?"

दोघी फळीपलीकडे गेल्या. ठण्या घाम पुसत पुन्हा टेकून बसला आणि त्याने हताशपणे एक तार छेडली.

"घुंऽऽऽ!"

"आला!" ठण्या ओरडला. "बाई! या! आला!"

बाई धावत आल्या. पाहुण्या अशा का धावल्या, म्हणून आईही यंत्र थांबवून बघायला लागली. ठण्याने तार छेडली. ठँग!

"आत्ता होता!"

"ऐकला मी पलीकडून," बाई म्हणाल्या. "पण दिसला नाही."

"अहो, ही दुसरी बाजू राहिली," आईने हाक मारली. बाई गेल्या. घुंऽऽऽ! बाई आल्या. ठँग! पुन्हा गेल्या. घुंऽऽऽ! या खेपेला तर त्या दारातच दबा धरून उभ्या राहिल्या आणि झटकन आत डोकावल्या, आणि आईही यंत्र सोडून त्यांच्या मागून डोकावली. ठँग!

बाईंनी चष्मा काढला. चष्मा काढल्यावर त्या जास्तच कडक दिसायच्या.

"मी बघत नसते तेव्हा आवाज येतो आणि बघायला आले की बंद होतो. याला आमच्या धंद्यात काय म्हणतात, माहीत आहे?"

"बुजणं!" ठण्या म्हणाला.

"काय?"

"रागावू नका, पण पेटी तुम्हाला बुजते आहे. नव्या माणसाला बघून गाय दूध चोरते ना, तसं! तुमच्याजवळ काहीतरी आहे. तुमचा फोन... तो जरा बाहेर ठेवता?"

फोन बाहेर गेला. मग घड्याळ. मग किल्ल्या, केसांतली पिन आणि चष्मासुद्धा. बाबांच्या मांडीवर सगळ्याचा ढीग झाला. ठँग!

"आता तुम्हीच जरा जिन्यात उभ्या राहता का?"

बाईंनी एक दीर्घ श्वास घेतला. आलेल्या माणसाला जिन्यात उभं करणारं घर त्यांनी आजवर पाहिलं नव्हतं. पण तो तुकडा खरंच त्यांच्या मनात बसला होता. म्हणून त्या गेल्या आणि जिन्यात उभ्या राहिल्या.

"ठण्या!" आई जागेवरून उठलीच. "पाहुण्यांना जिन्यात उभं करतात का रे? लाज वाटत नाही?"

ठण्याने तार छेडली. ठँग!

म्हणजे आता बाईही समोर नव्हत्या आणि आवाजही नव्हता. ठण्याने गिटार मांडीवर आडवी टाकली. त्याच्या डोळ्यांसमोर दाजी आले, दाजींच्या मागे नळांचं कपाट आलं आणि कपाटातला प्रत्येक नळ त्याच्याकडे बघून ठिबकू लागला.

"मला बसवा आता दुकानात," तो पुटपुटला. "पेटी रुसली माझ्यावर."

"अरे, पेटी कशाला रुसेल?" बाबा वर्तमानपत्रामागून म्हणाले. "ही उठली ना यंत्रावरून!"

"त्याचा काय संबंध?"

"संबंध मला काय माहीत! मला दुपारची डुलकी कधी लागते? हिचं शिवणयंत्र थांबलं की लागते. कारण ते थांबलं, की तुझं घुं घुंही थांबतं. मला वाटलं, तुमचं दोघांचं तसं ठरलेलं आहे."

जिन्यातून बाई आत आल्या.

"आई," ठण्या हळूच म्हणाला, "शीव जरा."

"काय शिवू?"

"काहीही शीव!"

आईने पायाखालचं पेडल दाबलं. घुंऽऽऽ! आवाज खालून उठला आणि जिना चढू लागला. आईने पाय सैल केला, आवाज उतरला. पाय उचलला, आवाज गेला!

आता यात जादू काहीच नव्हती. इलेक्ट्रिक गिटारच्या तारांखाली लोहचुंबक असतात आणि त्यांच्याभोवती तांब्याची केसासारखी बारीक तार गुंडाळलेली असते. वरची तार हलली, की ती हालचाल हे टिपतात आणि वायरीतून पुढे पाठवतात. पण ते असतात फार भोळे. जवळ एखादी मोटर फिरायला लागली, तर तिच्या विजेची थरथरही गिटारचीच समजून टिपून घेतात. पातळ फळीपलीकडे आईची मोटर, अलीकडे ठण्याची गिटार. गिटारने मोटर ऐकली, पेटीने ती ताणली, घुमवली आणि अल्बम तयार झाला!

बाईंचा मात्र अजून विश्वास बसेना. त्या स्वतः यंत्रावर बसल्या आणि त्यांनी पेडल दाबलं. पेटीतून असा आवाज आला, जणू डासांचा मोर्चा निघालाय!

"मग तुमचा पाय पडला की तो एवढा गोड कसा येतो? आणि याच्या गिटारबरोबर नेमका कसा चालतो?" बाईंनी आईला विचारलं.

"आता ते कसं सांगू?" आई ओशाळून म्हणाली. "हा वाजवायला लागला, की माझा पाय तसाच चालतो. हा थांबला, की मला वाटतं विचार करतोय बिचारा, कशाला खडखड करा. म्हणून मीही सुईत दोरा ओवत बसते."

ठण्याने गिटारची एक खुंटी उगाचच पिळली. मग दुसरी पिळली. घसा खाकरला. समजून घेणारी पेटी फळीच्या पलीकडे चष्मा कपाळावर चढवून बसली होती, आणि तिला तो आजवर "आई, खडखड बंद कर ना जरा" असं म्हणत आला होता!

बाई हसायला लागल्या. आधी नुसते खांदे हलले, मग सगळ्या बाईच हलल्या. "म्हणजे चोरी नाही! असली आई आणि असली फळी दुसऱ्या कुणाकडे असणं शक्यच नाही. काढू या अल्बम. पण एक अट आहे. उरलेल्या तुकड्यांनाही यंत्रावर याच बसायला हव्यात."

ठण्याने असा सुस्कारा सोडला, की बाबांच्या हातातलं वर्तमानपत्र उडालं. पाठोपाठ बाबांनीही एक सोडला. कारण खरं सांगायचं, तर दाजींच्या दुकानात मुलगा बसला असता, तर रोज जेवताना नळांवर चर्चा ऐकावी लागली असती!

"पण एवढे दिवस शिवत काय होता तुम्ही?" बाईंनी विचारलं.

आईने पटकन काहीतरी पाठीमागे लपवलं. पण ठण्याने बघितलंच. निळा डगला होता. दाजींच्या दुकानातले लोक घालतात तसला. खिशावर दोऱ्याने भरलेलं नळाचं चित्र आणि नळाखाली एक टपोरा थेंब.

"तुला लागू नये, असंच वाटत होतं रे," आई म्हणाली. "पण लागलाच, तर अंगावर नीट बसावा."

ठण्याने डगला अंगात घालून पाहिला. एक हात गेला. दुसरा जाता जाता आतच अडकला. गिटार रंगात आली तेव्हा आईचा पाय थांबलाच नव्हता आणि डावी बाही टोकापर्यंत शिवून बंद झाली होती!

"डोळे मिटून वाजवत होतास ना तू?" आई म्हणाली. "मीही तशीच शिवत होते. चष्मा कपाळावर होता."

तो डगला वाया गेला नाही. बंद बाहीत गिटारची मान अगदी मापाने बसली आणि उरलेल्या भागात तिचं पोट. इतकी छान गवसणी विकत मिळाली नसती. अल्बम निघाला, लोकांना आवडला, आणि ठण्या पहिल्या कार्यक्रमाला ती गवसणी पाठीवर टाकून ऐटीत मंचावर गेला. कार्यक्रम रंगला. संपल्यावर पहिल्या रांगेतले एक गृहस्थ गर्दीतून वाट काढत त्याच्यापर्यंत आले. ठण्याने सहीसाठी पेन सरसावलं.

"आमच्या मोरीतला नळ रात्रंदिवस ठिबकतो हो," ते गवसणीवरच्या खिशाकडे बोट दाखवून म्हणाले. "काय करावं?"

ठण्याने पेन खिशात ठेवलं.

"वायसर बदला," तो म्हणाला. आणि दाजींचा पत्ता दिला.