फळ्यावरचं नाव

डेअरीत दूध तपासणाऱ्या रामहरीनं मशिनमधून निघालेली चिठ्ठी दोनदा वाचली, चष्मा पुसून तिसऱ्यांदा वाचली आणि मान खाली घालून म्हणाला, "आप्पा, दुधात पानी दावतंय."

रांगेतले सगळे हसले. गोरक्षनाथही हसले. दूध संस्थेच्या चेअरमनच्याच दुधात पाणी म्हटल्यावर बिघडलं असणार ते मशीनच. त्यांनी पुन्हा लावायला सांगितलं. मशिननं पुन्हा तेच दाखवलं आणि रांगेतलं हसू थांबलं. वीस वर्षांत गोरक्षनाथांचा कॅन कधी परत आला नव्हता, आणि ही गोष्ट त्यांनी गावात इतक्या वेळा सांगितली होती की आता ती गिळायचीही सोय उरली नव्हती.

भिंतीवर काळा फळा होता. ज्याच्या दुधात पाणी निघेल त्याचं नाव महिनाभर त्यावर राहील, हा नियम गोरक्षनाथांनीच केला होता. मागच्या उन्हाळ्यात भागवतचं नाव महिनाभर तिथं राहिलं होतं आणि तेवढ्यानं त्याच्या मुलीची सोयरीक मोडता मोडता वाचली होती.

"आप्पा, नियम तुमचाच हाय," भागवत अदबीनं म्हणाला, "खडू हितं हाय बगा."

गोरक्षनाथांनी स्वतःचं नाव स्वतः लिहिलं आणि तरातरा घर गाठलं.

"कॅनमधी काय घातलंस?"

"घातलं काय न्हाई," त्यांची बायको शुभांगीबाई भांडी विसळत म्हणाल्या. "फ्रिजमधी मोनिकाच्या धा बाटल्या हुत्या. झालं म्हनली काम, वतून दे म्हनली. दूध काय मोरीत वतायचं? वतलं कॅनमधी."

त्यांची मुलगी मोनिका नगरजवळच्या एका शाळेत शिकत होती. तिथं मराठी आणि इंग्रजी दोन्हींत शिकवायचे आणि बारावीऐवजी कसला तरी आंतरराष्ट्रीय डिप्लोमा असायचा. त्याचं नाव गोरक्षनाथांना अजून नीट घेता येत नव्हतं, तरी पाहुण्यारावळ्यांत ते तेवढंच सांगत. त्या डिप्लोमासाठी प्रयोग स्वतःचा स्वतः करायचा असे. मोनिकानं विषय घेतला होता दुधातल्या पाण्याचा. त्या दहा बाटल्यांत तिनं मापून पाणी घातलं होतं, शेवटच्या बाटलीत तर निम्म्याला निम्मं.

"मंग झालं की," गोरक्षनाथांचा जीव भांड्यात पडला. त्यांनी मोनिकाला हाक मारली. "वही घे. चल डेअरीवर."

डेअरीवरून अजून कोणी हललं नव्हतं. असला तमाशा सोडून जाणार कोण? मोनिकानं वही उघडून मोठ्यानं वाचायला सुरुवात केली. "पाच टक्के पाणी, डेअरीच्या मशिनला कळलं नाही. आठ टक्के पाणी, कळलं नाही. दहा टक्के..."

गोरक्षनाथांनी तिला थांबायची खूण केली. सबंध गाव जिवाचा कान करून ऐकत होतं. दोघांनी तर मोबाईल काढून आकडे टिपायला घेतले.

"बगा," भागवत म्हणाला, "चेअरमनच्या घरात वही लिवून पानी घालत्यात. फळ्यावर नाव एक म्हैना न्हाई, वरीसभर पायजे."

"काका, पुढचं पान राहिलंय," मोनिका शांतपणे म्हणाली. "मागच्या रविवारी तुम्ही सगळ्यांनी मला बाटलीबाटली दूध दिलं होतं ना? ते मी शाळेच्या प्रयोगशाळेत तपासलं. तिथलं यंत्र एक टक्कासुद्धा सोडत नाही. चौदा घरांचं दूध होतं. वाचू?"

कोणी खाकरलं, कोणाला म्हशीला पाणी दाखवायचं आठवलं. टिपून घेणाऱ्यांचे मोबाईल खिशात गेले. भागवतनं खांद्यावरचा टॉवेल काढला आणि गोरक्षनाथांचं नाव घासून घासून पुसलं.

"पोरीचा अभ्यास हाय," तो म्हणाला. "त्यात आपन कशाला पडायचं? आप्पा, तुमी देवमानूस."

घरी येईपर्यंत गोरक्षनाथांची छाती पुन्हा पहिल्यासारखी फुगली होती. ओट्यावर टेकत त्यांनी विचारलं, "कोनाकोनाची नावं हायेत गं वहीत?"

"एकाचंही नाही. ज्याच्याकडून नमुना घेतला त्याचं नाव लिहायचं नाही, हा शाळेचा नियम. बाटल्यांवर मी नुसते आकडे टाकले होते. कोणाची कुठली ते मलाही ठाऊक नाही."

गोरक्षनाथ थक्क झाले. भागवतचा टॉवेल उगीचच खराब झाला होता तर. मग त्यांनी हळूच विचारलं, "पन निगालं काय?"

"चौदातले चौदा. सगळ्यांत पाणी."

"चौदा?" गोरक्षनाथांनी बोटं मोजली, पुन्हा मोजली. "आपल्यासकट चौदा व्हत्यात."

मोनिका वही मिटून आत गेली. शुभांगीबाईंनी चहाचा कप आणून त्यांच्यापुढं ठेवला.

"कशाला खोलात शिरता," त्या म्हणाल्या. "फळा पुसलाय न्हवं?"

गोरक्षनाथांनी चहाकडे पाहिलं. चहा वीस वर्षं होता तसाच पातळ होता.