बिनदोऱ्याची मशीन

सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी हे सगळं सुरू झालं. वेळ पक्की आठवते, कारण मुलगी नुकती झोपली होती आणि मी घड्याळाकडे बघत हळूच तिच्या अंगावरचा हात काढला होता (त्या वर्षी मी श्वासही घड्याळ बघूनच घ्यायचे).

तेव्हा आम्ही जुन्या घरात होतो. एकच खोली, खिडकीशी शिलाई मशीन. मशीन नणंदेची. देताना तिने बजावलं होतं, गिऱ्हाईक आलं तर तुझी, धूळ खात पडली तर महिनाअखेर मी परत नेणार. दारावर मी खडूने लिहिलं, ‘येथे कपडे शिवून मिळतील’. सातवीपर्यंतच शिकलेय, पण अक्षर बरं आहे. ते वाचून एक गृहस्थ आतही आले. त्यांना इस्त्रीवाल्याचा पत्ता हवा होता.

मी अगदी रडकुंडीला आले. सासूबाई भाजी निवडत म्हणाल्या, “रिकाम्या दुकानात कुणी पाऊल टाकत नाही. मशीन वाजती ठेव.”

पटलं. त्या सकाळी मुलगी झोपताच मशीनवर बसले (खडखडीने ती उलट गाढ झोपायची). शिवायला काही नव्हतं, म्हणून बिनदोऱ्याचीच चालवली. सुईखाली नवऱ्याचा रुमाल सरकवला. खडखड पार जिन्यापर्यंत जायला लागली, तसा मलाही हुरूप आला. खरंच कामात असल्यासारखी मी घाम पुसायचे (नवऱ्याला मात्र साहेबांनी विचारलं म्हणे, हा रुमाल आहे की चाळणी).

पिंढऱ्या भरून आल्या, गिऱ्हाईक काही आलं नाही. महिना सरत आला. एक दिवस जिन्यात समोरच्या वहिनी भेटल्या. हातात नवेकोरे पडदे.

“कुणाकडून शिवून घेतलेत?”

“चौकातल्या टेलरकडून. तुझ्याकडेच देणार होते गं. पण किती राबतेस तू. म्हटलं, लेकुरवाळी बाई, आणखी भार कशाला.”

मग कळलं, अख्ख्या इमारतीला माझी दया आली होती. वरच्या मजल्यावरच्या मास्तरांची पँट, शेजारच्या काकूंच्या सोफ्याच्या खोळी, सगळं दयेपोटी चौकात गेलं होतं.

मी मशीनवर चादर टाकली. दुसऱ्या दिवशी वहिनी आणि काकू दोघी हजर. आवाज का बंद, बाई आजारी पडली की काय म्हणून.

“मी बरी आहे,” मी म्हणाले. “काम नाहीये. कधीच नव्हतं.”

काकूंनी सासूबाईंकडे पाहिलं. सासूबाईंनी छताकडे.

“मग इतके दिवस शिवत काय होतीस?”

मी रुमाल दाखवला. काकू इतक्या हसल्या की मुलगी उठली. मग घरी जाऊन उशांचे अभ्रे घेऊन आल्या. वहिनींनी तेच पडदे परत आणले. टेलरने एक लांब, एक आखूड केला होता. महिनाअखेर नणंद आली, तिला कपड्यांच्या ढिगाखालची मशीन शोधावी लागली. जाताना स्वतःचा गाऊन उंची कमी करायला ठेवून गेली.

ती खोली, ती पातळ भिंत फार आठवते. काकू तिकडे शिंकल्या की इकडे मुलगी दचकायची. आता नव्या घरात आलोय, इथे भिंती जाड. म्हणून शहाणपणा करून पहिल्याच दिवशी सगळ्या मजल्यांवर सांगून आले, मी दिवसभर मोकळीच असते.

तेव्हापासून शेजारणी आपापली पोरं माझ्याकडे ठेवून बाजारात जातात. हे लिहितानाही त्यातलं एक माझी टेप चघळतंय.

तेव्हा ओळखीपाळखीत एवढं सांगा, बाई मोकळी आहे. पण शिवायला.