पणमुक्त गाव

भीमेच्या काठी, शिरूर तालुक्याची हद्द संपता संपता लागणाऱ्या निमटेक या गावाने २००६ साली 'एकमत गाव अभियाना'त भाग घ्यायचं ठरवलं. नेमका त्याच ग्रामसभेत मतभेद झाला. मतभेद सावळाराममामांनी केला.

मामा एसटीतून निवृत्त झालेले कंडक्टर. विरोध करण्याचा त्यांचा स्वभाव नव्हता. उभी हयात "तिकीट देतो, पण सुट्टे काढा" आणि "बसा, पण पाय आत घ्या" असं म्हणण्यात गेल्यामुळे त्यांच्या कुठल्याही वाक्याला मध्ये एक थांबा लागे, इतकंच. त्या दिवशी ग्रामसभेत नदीच्या वरच्या अंगाला आलेल्या कारखान्याच्या अभिनंदनाचा ठराव होता. कारखान्याने वेशीवर सिमेंटची कमान बांधून दिली होती. मामा उठून म्हणाले, "कमान झ्याक हाय. पण इहिरीच्या पाण्याला वास येतोय, त्याचं काय?"

वास सगळ्यांनाच येत होता. मामांची नात दीक्षा तर पोट धरून शाळेतून घरी आली होती आणि वर्गातली निम्मी पोरं तिच्या मागोमाग. अभियानात मात्र गुण होते ते एकमताला, पोटाला नव्हते.

सरपंच बाळासो हे अभ्यासू गृहस्थ होते. त्यांनी ग्रामसभेची जुनी इतिवृत्तं चाळली आणि त्यांना एक शास्त्रीय सत्य सापडलं. गावातल्या प्रत्येक मतभेदाच्या मुळाशी एकच शब्द होता. 'पण'च्या अलीकडचं सगळं बोलणं गावाच्या फायद्याचं असे आणि पलीकडचं सगळं तोट्याचं. तेव्हा बोलणाऱ्याला अलीकडेच उतरवलं तर मतभेद उरतोच कुठे? अभियान पार पडेपर्यंत गावाच्या हद्दीत सदर शब्दाच्या वापरास मनाई करण्यात आली. ठराव एकमताने मंजूर झाला. सावळाराममामा दीक्षाला घेऊन दवाखान्यात गेले होते.

अंमलबजावणी शाळेपासून सुरू झाली. मुख्याध्यापक शंकरराव गुरुजी चुन्याची बादली घेऊन भिंतींवरून फिरले. त्यांचा विचार उभयान्वयी अव्ययापुरतं थांबायचा होता. बाळासोंनी त्यांना सावध केलं.

"गुरुजी, तपासणीला येणारा माणूस व्याकरण बघत न्हाई. त्येला शब्द दिसला की गुण कापतोय."

मग 'आपण सारे एक' या घोषवाक्याचं 'आ सारे एक' झालं. वडाखालच्या फलकावरचं वृक्षारोपण 'वृक्षारो'वर थांबलं. 'शहाणपण हाच खरा दागिना' यातलं शहाणपण पुसण्याची वेळ आली, तेव्हा गुरुजींचा हात क्षणभर अडखळला, असं म्हणतात. दिवाळीत बायका बाजारात जाऊन "चार त्या द्या" म्हणू लागल्या. दुकानदार आधी गोंधळले, मग सरावले. माणसाला कशाचाही सराव होतो, अगदी वासाचासुद्धा.

लोकांनी पळवाट काढली नाही असं नाही. 'पण'च्या जागी माणसं खोकू लागली. "पीक बरं हाय," एवढं बोलून कोणी मोठ्याने खोकलं की ऐकणारा समजून घेई आणि तोही खोके. महिनाभरात गाव क्षयरोग्यांच्या छावणीसारखं वाजू लागलं. ग्रामपंचायतीने तातडीची बैठक घेतली आणि डॉक्टरच्या दाखल्याशिवाय सार्वजनिक ठिकाणी खोकण्यास बंदी केली. दाखल्यासाठी माणसं शिरूरला जाऊ लागली. तिथे डॉक्टर विचारत, "खोकला कशानं झाला?" यावर पेशंट खरोखरच काही बोलू शकत नसे.

मामा शब्द सोडायला तयार नव्हते. घरी कस्तुराबाई त्यांना समजावत होत्या. मुलगा सुमित, म्हणजे दीक्षाचा बाप, रांजणगावच्या एका कंपनीत कंत्राटावर होता आणि तो लागला होता बाळासोंच्या शिफारशीवर.

"अवो, एक शबूद तर गिळायचा. लोकं काय काय गिळत्यात."

"शबूद गिळतो की. पण पोरीनं पाणी गिळायचं का, ते सांग."

कस्तुराबाईंनी दार लावून घेतलं, कारण नवरा तो शब्द बोलला होता. मग चुलीवर पाण्याचं पातेलं ठेवलं. उकळल्यावर वास कमी होण्याऐवजी घरभर झाला.

तपासणीच्या दिवशी पटांगणात मांडव पडला. तपासणी समितीच्या अध्यक्षांपुढे आणि सदस्यांपुढे बाटलीबंद पाणी ठेवलं होतं. गावाला विहीर असताना पाहुण्यांना बाटल्या का, असा प्रश्न कोणालाही पडला नाही. शंभर टक्के एकमत. अध्यक्ष भारावून गेले. रीत म्हणून त्यांनी विचारलं, "कोणाला काही सांगायचंय?"

मामा उभे राहिले. मागच्या बाजूला सुमित कंपनीचा निळा शर्ट घालून बसला होता. त्याने मान खाली घातली. मामांनी मुलाकडे पाहिलं, घसा साफ केला आणि ते मांडवाच्या टोकापर्यंत ऐकू जाईल अशा, स्टँडवर गाड्या पुकारण्याच्या आवाजात म्हणाले,

"पण!"

बाकीचं वाक्य ते बोललेच नाहीत. त्याची गरजही नव्हती. सगळ्या गावाला ते पाठ होतं.

अध्यक्षांची लेखणी थांबली. "सरपंच, हा विरोध आहे. गावात एकमत नाही."

बाळासो डगमगले नाहीत. "साहेब, गावात हाय की. ह्यो मानूस गावचा न्हाई."

"मग कुठला?"

"पाव्हना हाय. मंडळी, मामा आपल्या गावचे पाव्हने हायत, ह्ये मान्य असंल त्यांनी हात वर करा."

हात वर होऊ लागले. शंकरराव गुरुजींचा झाला. ज्यांच्या लेकरांना मामांनी शाळेच्या वयात एसटीत जागा करून दिली होती, त्यांचे झाले. सगळ्यात शेवटी, खांद्यापर्यंतच, सुमितचा झाला. मामांनी तो पाहिला आणि पटकन नजर दुसरीकडे वळवली. पोराला लाज वाटू नये म्हणून.

"ह्या बाई?" अध्यक्षांनी बोट दाखवलं. कस्तुराबाईंचे दोन्ही हात मांडीवर होते.

त्या उठल्या. पदर सारखा करून सगळ्या मांडवातून चालत मामांच्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या.

"म्या पाव्हन्याची बायकू हाय," त्या म्हणाल्या. "पन आमच्याबिगर बी तुमच्या पान्याला वास येनारच."

त्याही पाहुण्या ठरल्या. गावच्या रीतीप्रमाणे पाहुण्यांना पाणी विचारण्यात आलं. दोघांनी नको म्हटलं, हा त्यांचा आगाऊपणा मानण्यात आला. निमटेकला पहिला क्रमांक मिळाला आणि ढाल कमानीखाली मिरवत आली.

पाहुण्यांनी फार दिवस राहू नये. मामा आणि कस्तुराबाई आजारी नातीला घेऊन दौंडच्या बाजूला, नदीकाठच्या एका नव्या वसाहतीत भाड्याने राहायला गेले. सुमितने सामानाचा टेम्पो करून दिला. त्याने आईच्या पाया पडून काही बोलायला तोंड उघडलं, आणि सवयीने तो नुसता खोकला.

नवी वसाहत शिकल्यासवरल्या लोकांची होती. घरोघरी पुस्तकांची कपाटं, सकाळी वर्तमानपत्रं, संध्याकाळी चर्चा. इथे कुठल्याच शब्दाला बंदी नव्हती. मामांनी पहिल्याच सकाळी नळ सोडला, ओंजळ नाकाशी नेली आणि तडक शेजाऱ्यांचं दार वाजवलं. निमटेकचीच नदी खाली वाहत इथवर आली होती.

"साहेब, पाणी येतंय. पण वास न्हाई का येत?"

"येतो ना," शेजारी हसतमुखाने म्हणाले. "पहिल्यापासून येतो."

"मग तुमी कुनाला बोलला न्हाई? हितं मनाई हाय का?"

"छे हो, मनाई कसली? लोकशाही आहे. बोला की तुम्ही, अगदी मोकळेपणाने बोला." त्यांनी आत स्वयंपाकघराकडे बोट दाखवलं. "आम्ही फिल्टर बसवून घेतलाय."

मामा वसाहतीच्या प्रत्येक दारावर जाऊन आले. सगळीकडे उत्तर एकच मिळालं, आणि तेही कोणी ठराव न करता. एवढं एकमत निमटेकलाही जमलं नव्हतं.

या दोन्ही गावांच्या लोकांना वाचकांनी हवं तर खुशाल हसावं. फक्त हसून झाल्यावर एकदा आपल्या स्वयंपाकघरात जावं आणि नळाच्या वर भिंतीवर काय बसवलंय, ते पाहून यावं.