तार्मोची नोकरी आणि सहाची सौना

"आज असा बोलतो की समितीच्या डोळ्यांत पाणी येईल!" तार्मो हुहतालाने बायकोला सकाळपासून चौथ्यांदा सांगितलं. फिनलंडमधल्या कुओपियोच्या एका विद्यापीठात चार वर्षं तो कच्च्या नोकरीवर 'प्रभावी संभाषण' शिकवत होता. आज निवड समिती त्याचा ऑनलाइन तास बघणार होती. तास जमला तर नोकरी पक्की, नाहीतर घरी बसा!

तास साडेचार ते सहा. आणि सहाला इमारतीच्या सौनात, म्हणजे सगळ्यांच्या सामाईक वाफेच्या न्हाणीघरात, हुहताला कुटुंबाची पाळी! बुधवारची ती वेळ मिळवायला तीन वर्षं ताटकळावं लागलं होतं, ती चुकवणार कोण? म्हणून पठ्ठ्याने वर कोट-टाय चढवला आणि खाली नुसता टॉवेल गुंडाळला. खालचं कोण बघतंय!

दीड तास गडी असा सुटला की बस्स! हातवारे काय, टेबलावर मुठी काय! पडद्यावर चाळीस विद्यार्थी आणि समितीचे तिघं अगदी चिडीचूप. शेवटी त्याने विचारलं, "काही शंका?" कोणी हूं की चूं केलं नाही. एकालाही शंका नाही! तार्मोची छाती फुगली.

तेवढ्यात त्याची बायको कायसू बादली घेऊन दारात आली. "अरे, सहा वाजले! आणि त्या माइकवर तांबडी फुली का रे? बंद आहे की काय?"

"काय?" तार्मो ताडकन उठला. टॉवेल मात्र खुर्चीतच बसून राहिला!

बोंबला! त्याने धपकन बसकण मारली, माइक लावला आणि ओरडला, "अहो, दीड तास कोणी बोलला का नाहीत?"

"तुम्ही बोलत होता ना," वेइक्को नावाचा विद्यार्थी पुटपुटला. "मध्येच कसं बोलायचं?"

समितीच्या रायलोबाई खाकरल्या.

"हा टॉवेल कशासाठी?"

"सहाला सौनाची पाळी आहे, बाई..."

"बुधवारची? सहाची? मग इथे काय करताय? पळा!"

सौनात वरच्या फळीवर तो डोकं धरून बसला. "गेली गं नोकरी," म्हणत अगदी रडकुंडीला आला.

शुक्रवारी पत्र आलं. नोकरी पक्की! विद्यार्थ्यांनी तासाला पैकीच्या पैकी गुण दिले होते. समितीची अट एकच: यापुढचे तासही असेच, माइक न लावता घ्यावेत.

तार्मोने ते पत्र कायसूला दोनदा वाचून दाखवलं.

"मग?" ती म्हणाली. "मी बारा वर्षं वेगळं काय सांगतेय?"