चार टक्क्यांची सोयरीक

चोपड्याचे हेमराजभाऊ त्या दिवशी भडगावला निघाले होते ते फक्त एक शब्द बोलायला: "नाही!"

मुलाला, ईश्वरला, पसंत पडलेल्या रोहिणीत काही खोट नव्हती. खोट तिच्या बापात होती. झुलालभाऊंचा पेट्रोलपंप होता! आणि हेमराजभाऊंनी महिन्यापूर्वीच विजेवरची गाडी घेतली होती.

"पंपवालानी पोर आपले नको," ते बायकोला म्हणाले. "पाच वरीसमा त्या पंपवर बकऱ्या बांधतीन!"

"पण पोऱ्यानं मन शे ना तिच्यावर," प्रमिलाबाई पुटपुटल्या.

सकाळी गाडीतून अर्ध्या गल्लीला चक्कर मारून आणली होती. वाटेत एसी असा सोडला की भर मे महिन्यात प्रमिलाबाईंनी शाल काढली. शिवाय दिसेल त्या एसटीला मागे टाकायचं व्रतच घेतलेलं! पंपामागच्या झुलालभाऊंच्या घरासमोर गाडी थांबली, तेव्हा बॅटरीत चार टक्के उरले होते.

आता 'नाही' म्हणून त्याच घरची वीज कोणत्या तोंडाने मागायची? हेमराजभाऊंनी 'नाही' गिळलं, ओट्यावरच्या प्लगला वायर जोडली आणि चहा घेतला. आधी गाडी भरू दे, मग बोलू!

"आते जेवाले चला," झुलालभाऊ म्हणाले.

हेमराजभाऊंना घाम फुटला. सोयरीक नको असेल तर चहावर उठायचं, ताटावर बसायचं नाही, हे तिकडे पोरंसोरंही जाणतात. त्यांनी वर पाहिलं. पंखा गरगरत होता. म्हणजे लाईट आहे, गाडी भरतेय, अजून थोडा वेळ काढायलाच हवा!

"बसतो," ते म्हणाले. प्रमिलाबाई तर त्यांच्याआधी जाऊन बसल्यासुद्धा.

वरण-बट्टी आली, तूप आलं. "आबा, अजून एक," असं म्हणत रोहिणी वाढत राहिली. तिसऱ्या बट्टीला हेमराजभाऊंना पोरगी मनापासून आवडू लागली. हात धुऊन येतात तो झुलालभाऊंनी हातात नारळ ठेवला, शेजारी पेढे घेऊन हजर झाले, आणि ईश्वर फोनवर आनंदाने एवढा ओरडला की फोन कानापासून लांब धरावा लागला!

निरोप घेऊन भाऊ गाडीत बसले. चार टक्के!

"लाईट?"

"ती ते चहानंतरच गयी. पंखा इन्व्हर्टरवर शे."

"मंग सांगं का नही?"

"पाव्हना जेवाले बठेल, त्याले काय लाईटनं सांगानं?" झुलालभाऊ हसले. "घाबरू नका व्याही, पंपवर जनरेटर शे. डिझेलनं!"

जनरेटर धडधडू लागलं. अंगणभर काळा धूर झाला आणि गाडी भरू लागली. तासाभराने जनरेटर आचके देऊ लागलं, तसे झुलालभाऊ कॅन घेऊन धावत आले.

"व्याही, नरसाळं धरा जरा!"

हेमराजभाऊंनी ते दोन्ही हातांनी घट्ट धरलं.

"जपीसन वता, व्याही," ते कळवळून म्हणाले, "एक थेंब सांडाले नको!"